माळ्यावरचा डबा उघडल्यावर: जुनी भातुकली आणि खेळणी जमवायची, जपायची, मांडायची कशी

आमच्या आजीची भातुकली एका पत्र्याच्या डब्यात माळ्यावर पडून होती. डबा खाली काढला तेव्हा आत बावीस नग निघाले. त्यातला पाणी तापवायचा बंब माझ्या तर्जनीएवढा. पण त्याला मधली नळी होती, खाली राख पडायची जाळी होती, आणि तोटी चक्क फिरत होती. आईने डबा बघितल्या बघितल्या चिंच भिजत घातली. तासाभरात सगळी भांडी लखलखली, आणि साठ-सत्तर वर्षांत पितळेवर चढलेला मधासारखा तपकिरी रंग मोरीतून वाहून गेला. मीही उत्साहाने घासत होतो, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? पुढे काय करायचं आणि त्याहून जास्त काय करायचं नाही, हे अशाच चुकांमधून जमत गेलं. ते इथे क्रमाने लिहितो.

१. एक धागा पकडा

जुनी खेळणी म्हटलं की पसारा मोठा होतो. पितळी-तांब्याची भातुकली, सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगवलेली लाकडी खेळणी, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या मुलाम्याची, चावीची पत्र्याची, ओतीव धातूच्या छोट्या गाड्या, बाहुल्या, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे. मी पहिली दोन वर्षं दिसेल ते उचललं आणि त्यातलं निम्मं पुढे वाटून टाकलं. त्यापेक्षा सुरुवातीलाच एक धागा धरा आणि एक फडताळ ठरवा. ते भरलं की नवी वस्तू आणायच्या आधी जुनी एक बाहेर.

धागा कितीही बारीक चालतो. माझ्या ओळखीच्या एक बाई फक्त स्टोव्ह जमवतात: पितळी, पत्र्याचे, प्लास्टिकचे. पैसे बेताचे असतील तर स्टीलच्या आणि हिंडालियमच्या भातुकलीपासून सुरुवात करा. १९६० ते ८० च्या दशकांतली ही भातुकली अजून कोणी फारशी मानत नाही, म्हणून स्वस्तात मिळते. पितळेच्या मागे सगळेच लागलेले असतात.

२. शोध घरापासून, मग मोडीच्या टोपलीपर्यंत

आधी स्वतःचा माळा, मग आत्या, मावश्या, काकू. फोन करून "जुनी खेळणी आहेत का?" असं विचारलं की "छे रे, कधीच टाकली" असंच उत्तर येतं. "तुमच्या भातुकलीत काय काय होतं?" असं विचारा. बोलता बोलता डबा आठवतो. वस्तू नाही मिळाली तरी माहिती मिळते, आणि ती पुढे ओळख पटवायला कामी येते.

आपल्याकडची पितळी भातुकली गेली कुठे, हे कळलं तर शोधायचं कुठे तेही कळतं. स्टील आलं तेव्हा घरोघरची पितळी भांडी मोडीत निघाली आणि भातुकलीही त्यांच्याबरोबर तराजूत पडली. म्हणून गावातल्या जुन्या भांड्यांच्या दुकानात जाऊन मोडीची टोपली बघू द्या, असं सांगा. पुरुषमाणूस भातुकली मागतोय म्हटल्यावर दुकानदार हसतो, हसू द्या. मोड भट्टीकडे जायच्या आधी पोचणं महत्त्वाचं, म्हणून नंबर देऊन ठेवा आणि दर महिन्याला एक चक्कर मारा. इथे भाव वजनावर ठरतो. हीच वस्तू पुराणवस्तूंच्या दुकानात गेली की नगावर विकली जाते आणि किंमत भलतीच चढते.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. लवकर जा. मुंबईत चोर बाजारातला मटन स्ट्रीट, पण तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात. पहिल्या फेरीत काहीच घेऊ नका, नुसतं हाताळा आणि भाव ऐका. इंटरनेटवर घेताना तळाचा, सांध्याचा आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेला असे तीन फोटो मागा. विकणारा हे द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच सोडा.

आणखी एक. सारीपाटाच्या सोंगट्या किंवा फासे हस्तिदंताचे आहेत असं कोणी कौतुकाने सांगितलं तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. वस्तू किती जुनी, याने त्यात फरक पडत नाही.

३. जुनं की जुनं केलेलं?

खरी मजा इथे आहे.

पितळी भातुकली हातात घेतली की आधी सांधा बघा. तांबटाने पत्र्यावर ठोकून घडवलेल्या भांड्याच्या पोटावर मठाराच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या, खुणा असतात. बोट फिरवलं तर बारीक चढउतार लागतात, आणि दोन तुकडे जोडलेत तिथे दातेरी सांधा किंवा डाक (वितळलेल्या धातूने केलेला जोड) दिसतो. शोभेसाठी केलेला नवा माल बहुतेक ओतीव असतो. तो आकाराच्या मानाने जड लागतो, आतून खरखरीत असतो आणि तळाशी कानशीचे ताजे ओरखडे दिसतात. पण ओतीव म्हणजे खोटं असं सरसकट म्हणू नका. खलबत्ता, पळीचा दांडा, पावले असे भाग जुन्या भातुकलीतही ओतीवच असत.

मग झीज. खेळलेलं भांडं ठराविक जागी झिजतं: कढईचा तळ, झाकणाची कड, पळीचं टोक, सोऱ्याच्या दांड्याची पकड. मुद्दाम जुनं केलेल्या वस्तूवर मात्र काळेपणा सगळीकडे सारखा असतो. हाताला न लागणाऱ्या खाचेतही आणि सतत हात लागणाऱ्या कडेवरही. ओल्या कापसाने एक कोपरा पुसून बघा. काळं लगेच सुटलं तर ते पॉलिश आहे, वय नव्हे.

तिसरी परीक्षा, ते खेळणं आहे की नाही. छोटा कलश, पळी-पंचपात्र, निरांजन हे देवघरातलं. निळवं, कोळवं, चिळवं ही धान्याची मापं. ही सर्रास भातुकली म्हणून विकली जातात. ती वाईट नाहीत, पण भातुकलीचा भाव देऊ नका. भातुकलीच्या संचात सगळ्या वस्तू एकमेकींच्या प्रमाणात असतात. शेगडीवर पातेलं बसतं, पातेल्यावर झाकण बसतं, सांडशीत पातेल्याचा काठ येतो. मी खिशात आजीची सांडशी घेऊनच बाजारात जातो.

पत्र्याच्या आणि खोक्यातल्या खेळण्यांचं वय अक्षरांवरून लागतं. हा छंद लागला की खेळण्यापेक्षा खोकंच जास्त वेळ बघितलं जातं.

किंमत आण्यांत असेल तर खेळणं १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, किंवा त्याच्या अगदी आसपासचं. त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' असं छापलेलं असेल तर १९५७ ते १९६४ या काळातलं, कारण पुढे 'नये' गळलं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. 'बॉम्बे' आणि पुढे नुसता एक किंवा दोन आकड्यांचा विभाग क्रमांक असेल तर बहुधा त्याआधीचं. 'मुंबई' असं इंग्रजीत असेल तर १९९५ नंतरचं. खोक्यावर बारकोड असेल आणि विकणारा "पन्नासच्या दशकातलं आहे साहेब" म्हणत असेल, तर नमस्कार करून निघा. बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला तोच मुळी १९७४ साली, अमेरिकेत.

परदेशी खेळण्यांवर देशाचं नाव शोधा. अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालायची सक्ती १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने केली, आणि या छापांची परंपरा तिथून रुळली. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरचं, १९५२ पर्यंतचं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधलं. पण छाप एवढंच सांगतो की वस्तू त्याआधीची नाही. कारखाने उरलेली खोकी वर्षानुवर्षं वापरत, म्हणून एका खुणेवर विसंबू नका. दोन-तीन जुळल्या तरच बोला.

ओतीव गाड्यांत आपल्याकडचा एक खास प्रकार सापडतो. डिंकी या इंग्रजी गाड्यांचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांतून 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघाल्या. ओतकाम जरा ओबडधोबड, रंग जाड. मला त्या मूळ डिंकीपेक्षा आवडतात. १९३० च्या दशकातली डिंकी कोणी देऊ केली तर भिंग लावून तडे बघा. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेल्याने ती आतूनच फुगते, तडकते आणि शेवटी तिचा चुरा होतो. त्यावर इलाज नाही.

४. वस्तू घरात आली की आधी वही

साफसफाईच्या आधी नोंद करायची. एक जाड वही घ्या. त्यात क्रमांक, वस्तूचं घरातलं नाव, कशाची, उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये, कुठून, कोणाकडून, कितीला, काय मोडलंय. फोटो समोरून, मागून आणि तळाचा. क्रमांक वस्तूवर पेनाने लिहू नका. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती सुती दोऱ्याने बांधा.

वहीत एक रकाना गोष्टीसाठी ठेवा. आमच्या बंबाच्या पानावर लिहिलं आहे: 'आजीच्या मावशीने पंढरपूरहून आणला. बाहुला-बाहुलीच्या लग्नात वरपक्षाला गरम पाणी यातून.' ही ओळ मी आजी असताना लिहून घेतली म्हणून आहे. उरलेल्या एकवीस नगांपुढे तो रकाना रिकामा आहे, आणि आता तो कोणी भरू शकणार नाही. देणाऱ्याने वस्तू हातात ठेवली की तिथल्या तिथे फोनवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करा.

५. साफ करा, पण चकचकीत करू नका

नियम एकच: आधी कोरडा मऊ ब्रश. दाढीचा जुना ब्रश झकास. दहापैकी सात वस्तूंना याच्यापुढे काही लागत नाही.

पितळ-तांबं: कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ कापड, लगेच कोरडं करणं. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, तारेची घासणी, सगळं बाद. तपकिरी थर हा मळ नव्हे. तो धातूचं रक्षणच करतो. हिरवट डाग टणक आणि जागच्या जागी असेल तर राहू द्या. फिकट हिरवी पूड पडत असेल आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल, तर ती वस्तू वेगळी काढून अगदी कोरड्या डबीत ठेवा. समुद्राकाठच्या घरात हे हमखास होतं, कारण हवेतलं मीठ पितळेला सोडत नाही. आतली कल्हई उडालेली असेल तर नवी करू नका. त्यात कोणी स्वयंपाक करणार नाहीये.

लाखेचं लाकूड: इथे मी घातलेला घोळ सांगतोच. २०२० साली सगळं पुसायची सवय लागली होती, त्या भरात मी चन्नपट्टणची एक फिरकी सॅनिटायझरने पुसली. कापूस लालभडक झाला आणि फिरकीवर पांढुरका पट्टा उमटला. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे शाळेत शिकवलं असेल तर मी त्या दिवशी गैरहजर असणार. लाखेला कोरडं मऊ कापड, बस. स्पिरिट नाही, अत्तराचा फवाराही नाही. रंगवलेल्या ठकीला (जुन्या पद्धतीच्या लाकडी बाहुलीला) किंवा सावंतवाडीच्या खेळण्यांना पाणीही लावू नका. रंगाचे पोपडे सुटलेले असतील तर ब्रशसुद्धा नको.

लाकडाखाली बारीक भुसा दिसला की भुंगा लागला समजा. वस्तू पिशवीत बंद करा आणि काळ्या कागदावर ठेवा. नवा भुसा पडला तर काळ्यावर लगेच दिसतो, म्हणजे कीड अजून जिवंत आहे. रंग नसलेलं साधं लाकूड किंवा कापडी बाहुली असेल तर घट्ट बंद पिशवीत, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येते. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर वस्तूला घाम फुटतो. रंगीत आणि लाखेच्या वस्तूंवर हा प्रयोग नको, थर तडकतो.

पत्र्याची चावीची खेळणी: गंजलेल्या जागी पाणी नको. छापील चित्रावर तेल नको. आसावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने. चावी पूर्ण कधीच पिळायची नाही. दोन-तीन वेढे पुरेत, आणि ठेवताना स्प्रिंग सैल करूनच ठेवायची. सेलवर चालणाऱ्या खेळण्यातले सेल आजच काढा. सेल पाझरून पांढरी खर धरली असेल तर अल्कलाइन सेलच्या खरीला व्हिनेगरचा कापूस, जुन्या साध्या सेलच्या खरीला खाण्याच्या सोड्याचं पाणी. हातमोजे घालून.

बाहुल्या: अंगठ्याने घासून हुंगल्यावर कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची. हे प्लास्टिक भयंकर ज्वालाग्राही आहे आणि जुनं झालं की आम्लाची वाफ सोडतं. अशी बाहुली हवा खेळेल अशी, एकटी ठेवा. देवघराच्या जवळ तर कधीच नाही, समई-उदबत्तीचा भरवसा काय? मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या चिकट होतात, त्यांना ऊन लागू देऊ नका. कानात धातूची कर्णफुलं असतील तर काढून वेगळ्या पुडीत ठेवा. १९६० च्या दशकातल्या बार्बी बाहुल्यांचे कान याच कारणाने हिरवे पडलेले दिसतात.

६. मांडणी

घरात खेळणी मांडायची रीत आपल्याला नवी नाही. चैत्रगौरीच्या आराशीत पायऱ्या लावून बाहुल्या, लाकडी फळं आणि भातुकली मांडली जायचीच. तीच रीत कपाटात वापरा: मागची पायरी उंच, पुढची ठेंगणी, आणि सगळ्यात बारीक वस्तू डोळ्यांच्या रेषेत. वरच्या खणात भोवरे ठेवले तर पाहुण्याला फक्त आऱ्या दिसतात.

भातुकली ओळीने मांडू नका. दुकान वाटतं. स्वयंपाकघर मांडा. एका कोपऱ्यात चूल, तिच्यावर पातेलं, शेजारी पळी आणि उलथणं. पलीकडे पाटा-वरवंटा, त्याच्यापुढे विळी. दुसऱ्या कोपऱ्यात मोरी: बंब, घंगाळ, तांब्या. मग शेजारी एक खरी, रोजची वाटी ठेवा. तिच्यामुळे बघणाऱ्याला आकाराचा अंदाज येतो आणि तो खाली वाकून बघतो. पत्र्याच्या गाड्यांच्या मागे आरसा लावला तर उलट बाजूची चित्रं फुकटात दिसतात.

कपाट बंद काचेचं हवं, उघड्या फळ्यांवर धूळ आणि बाई-माणसाचं फडकं दोन्ही येतात. जागा आतल्या भिंतीची. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, स्वयंपाकघराजवळ फोडणीची चिकटी बसते, आणि खिडकीसमोर ऊन रंग खातं. नवीन प्लायवुडचं कपाट केलं असेल तर वास जाईपर्यंत, महिना-दीड महिना, उघडं ठेवा. त्या वाफांनी शिसं आणि पितळ खराब होतं. दिवे एलईडीचे, आणि जमलं तर काचेच्या बाहेरून. फळीवर अंथरायला मांजरपाट उत्तम, पण आधी दोनदा धुऊन खळ काढा, नाहीतर कसर लागते. फोम, वर्तमानपत्र, रबरबँड, चिकटपट्टी आत नकोत. रबरी टायरची गाडी प्लास्टिकवर वर्षभर उभी राहिली तर टायरचा डाग कायमचा उमटतो.

मातीचे मावळे एकमेकांना टेकवून ठेवू नका. रस्त्यावरून ट्रक गेला तरी फळी हलते आणि भाले तुटतात.

७. पावसाळ्याचे चार महिने

एक साधं आर्द्रतामापक कपाटात ठेवा. ४५ ते ५५ टक्के हा आदर्श आकडा, पण रत्नागिरीत जुलैमध्ये तो स्वप्नातच दिसणार. एकदम चढ-उतार होऊ न देणं जास्त महत्त्वाचं, म्हणून एसी रात्री चालू आणि दिवसा बंद अशा खोलीत कपाट नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवा किंवा बदला. डांबरगोळ्या टाळा, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. कापडी बाहुल्यांना वेखंडाची पुरचुंडी चालते, कापडाला न टेकवता. पंधरा दिवसांनी, पाऊस नसलेल्या दुपारी, दारं तासभर उघडा आणि प्रत्येक वस्तूचा तळ बघा. बुरशी आधी तळालाच धरते.

८. परदेशी नेताना, आणि मुलांच्या हाती देताना

भाऊ-बहीण अमेरिकेत असेल आणि आजीची भातुकली वाटून घ्यायची ठरली असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी वस्तूही विमानतळावर अडू शकते. म्हणून ती पुरावशेष नाही, असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयातून आधी घ्या. तिथे तुमची वही आणि फोटो उपयोगी पडतात.

मुलांना ही खेळणी खेळायला देऊ नका. जुन्या रंगात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. शिवाय पत्र्याच्या कडा धारदार असतात आणि बारीक भांडी तोंडात जातात. पण घरात काचेआड भातुकली आणि लहान पोराला "हात लावू नकोस" म्हणायचं, हे मला जमत नाही. म्हणून कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणाला कुलूप नाही. तिथे तुळशीबागेतून आणलेली नवी स्टीलची भातुकली आहे. भाची आली की ती आधी तो खण रिकामा करते, मग काचेला नाक लावून वरच्या बंबाची चौकशी करते, आणि खोट्या चहाचा पहिला कप मला देते.